तूलचे बिशप ऑस्पिकियस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळत होता आणि फ्रँक या जर्मॅनिक लोकांच्या राजांचा काळ अजून पुरता उगवला नव्हता, त्या मधल्या वर्षांबद्दल मी अधूनमधून लिहीत असतो. त्यात ऑस्पिकियस यांचं नाव आलं की तेच ते प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एका जागी मांडतो आहे. हा माणूस मला फार जवळचा वाटतो, तेव्हा काही उत्तरं लांबली आहेत.

हे ऑस्पिकियस नेमके कोण?

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारण इ.स. ४७०च्या आसपास, तूल या गावाचे बिशप. आजच्या ईशान्य फ्रान्समध्ये, लोरेन भागात मोझेल नदीकाठी हे गाव आहे. तूलच्या बिशपांच्या परंपरेतल्या यादीत त्यांचा क्रमांक पाचवा लागतो. पहिले मान्स्युएटस, मग आमोन, आल्कास, सेल्सिनस आणि त्यांच्यानंतर ऑस्पिकियस.

त्यांच्या हातचं एकच लिखाण उरलं आहे. ते पत्र आहे, आणि तेही पद्यात. आज जर्मनीत असलेल्या ट्रियर शहराचा कारभार पाहणाऱ्या आर्बोगास्ट नावाच्या काउंटला त्यांनी ते लिहिलं. शिवाय त्यांच्या काळातले मोठे लेखक आणि क्लेरमाँचे बिशप सिडोनियस अपोलिनारिस यांच्या पत्रव्यवहारात ते दोनदा भेटतात. एका पत्रात त्यांचा उल्लेख आहे, दुसरं पत्र त्यांनाच लिहिलेलं आहे. एक स्वतःचं पत्र आणि दुसऱ्याची दोन, एवढ्यावरून माणूस किती कळणार असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

नावाचा उच्चार काय? आणि अर्थ?

जुन्या लॅटिन उच्चाराने ‘आउस्पिकियुस’, चर्चच्या लॅटिनमध्ये ‘आउस्पिचियुस’, फ्रेंचमध्ये ‘ओस्पीस’. मराठीत मी ‘ऑस्पिकियस’ लिहितो.

अर्थ मोठा वेधक आहे. ‘आउस्पिकियुम’ म्हणजे पक्षी कुठून उडाले, कसे उडाले ते पाहून काढलेला शकुन. रोममध्ये सरकारी काम सुरू करण्याआधी, लढाईला निघण्याआधी असा शकुन पाहण्याचा रिवाज होता. जुन्या धर्माच्या विधीतून आलेलं नाव एका ख्रिस्ती बिशपला आहे आणि त्यात त्या काळी कुणाला वावगं वाटत नव्हतं. धर्म बदलला म्हणून घराण्यातली नावं लगेच बदलत नाहीत, हे आपल्याकडेही वसईच्या आणि गोव्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको. तिथे तर आडनावांनी कितीतरी जुन्या गोष्टी जपून ठेवल्या आहेत.

‘ओस्पीस’ नावाचे आणखी संत सापडतात. हे तेच का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. दक्षिण फ्रान्समधल्या आप्त गावाचे पहिले बिशप मानले जाणारे ओस्पीस वेगळे. नीसजवळच्या किनाऱ्यावर ज्यांच्या नावाचं टोक आहे ते सहाव्या शतकातले एकांतवासी होस्पिटियस, त्यांचाही फ्रेंच उच्चार ‘ओस्पीस’च होतो. तेही वेगळे.

आर्बोगास्टच्या बाबतीतही तेच. स्ट्रासबुर्गचे संत आर्बोगास्ट हे नंतरचे. चौथ्या शतकातला सेनापती आर्बोगास्ट हा आपल्या काउंटचा पूर्वज. त्याच्याविषयी पुढे सांगतो, कारण तो या पत्रात स्वतः येतो.

तूल म्हणजे कसं गाव होतं?

रोमन नाव ‘तुल्लुम लेउकोरुम’, म्हणजे लेउकी लोकांचं तुल्लुम. लेउकी ही रोमनांच्या आधीपासून तिथे राहणारी केल्टिक जमात. रोमनांनी त्यांचा मुलूख एक ‘किविटास’ म्हणजे कारभाराचा एक घटक म्हणून बांधला आणि तुल्लुम त्याचं मुख्य ठाणं केलं. हा घटक पहिल्या बेल्गिका प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी होती ट्रियर. मेत्झ आणि व्हर्दं ही शेजारची ठाणी.

गाव मोठं नव्हतं, पण मोक्याचं होतं. लियाँहून उत्तरेला ऱ्हाइनकडे जाणारा लष्करी रस्ता लांग्र, तूल, मेत्झ करत ट्रियरला पोहोचत असे. मोझेल नदीही तूलवरून मेत्झला आणि पुढे ट्रियरला जाते. तूलच्या बिशपांना ट्रियरच्या काउंटची काळजी का, याचं निम्मं उत्तर या नदीत आणि या रस्त्यात आहे.

एक गोष्ट मला दर वेळी थक्क करते. चर्चने आपली बिशपक्षेत्रं आखताना रोमन किविटासच्याच सीमा धरल्या. साम्राज्य गेलं, राजे आले आणि गेले, पण तूलचं ते अवाढव्य बिशपक्षेत्र मोठ्या प्रमाणात टिकून राहिलं. १७७७ साली त्यातून नान्सी आणि सँ-दिए ही क्षेत्रं वेगळी काढली. जोन ऑफ आर्कचं दोंरेमी गावही याच क्षेत्रातलं. लग्नाचं वचन मोडल्याच्या फिर्यादीवर उत्तर द्यायला तिला तूलच्याच धर्मन्यायालयात जावं लागलं होतं. ज्या लेउकी जमातीचं नावही लोक विसरले, तिच्या मुलुखाची रेषा अशी तेराशे वर्षं जिवंत होती.

त्या वेळी तिथे राज्य कुणाचं होतं?

याचं एका शब्दात उत्तर मागितलं जातं आणि ते देता येत नाही. काय काय घडून गेलं होतं ते आधी बघा.

४०६ सालच्या अखेरीस व्हँडल, अलान आणि सुएबी टोळ्या ऱ्हाइन ओलांडून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्स आणि आसपासच्या मुलुखात शिरल्या. त्याच सुमाराला गॉलचं सर्वोच्च प्रशासन ट्रियरहून दक्षिणेला आर्लला हलवलं गेलं. ज्या ट्रियरमध्ये बादशहा राहत होते, जिथे पुढे मिलानचे बिशप झालेले अँब्रोझ जन्मले, ते शहर पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात चार वेळा लुटलं गेलं. मार्सेलचे धर्मगुरू साल्व्हियन यांनी ते दुःख लिहून ठेवलं आहे: प्रेतं रस्त्यात पडलेली असताना उरलेल्या सरदारांनी बादशहाकडे सर्कसच्या, म्हणजे रथांच्या शर्यतींसाठी पैसे मागितले. ४५१ साली अटिलाच्या हूणांनी ईस्टरच्या आदल्या दिवशी मेत्झ जाळलं. मेत्झ तूलपासून नदीच्या वाटेने दोन दिवसांवर. ४५४ मध्ये सेनापती एटियसचा खून झाला आणि गॉल एकसंध धरून ठेवणारा शेवटचा मोठा हातही गेला.

त्यानंतर दक्षिणेला व्हिसिगॉथ, आग्नेयेला बर्गंडी, उत्तरेला तुर्नेच्या भागात फ्रँकांचा राजा शिल्डेरिक, सुआसाँमध्ये एगिडियस आणि मग त्याचा मुलगा स्याग्रियस अशी रोमन म्हणवणारी सत्ता. आणि ट्रियरमध्ये काउंट आर्बोगास्ट. त्याच्यावर कुणाचा हुकूम चालत होता यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. ४७६ मध्ये इटलीत बादशहा रोम्युलस ऑगस्टुलसला पदावरून काढलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिथे साम्राज्याचा शेवट लिहिलेला असतो, पण तूलमध्ये त्या वर्षी सकाळी उठून कुणाला काही वेगळं जाणवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यापुरतं जे बदलायचं ते आधीच बदललं होतं.

आर्बोगास्ट फ्रँक की रोमन?

दोन्ही. हेच या सगळ्या गोष्टीचं मर्म आहे.

घराणं फ्रँक. त्याचा पूर्वज, पहिला आर्बोगास्ट, हा रोमन सैन्याचा सरसेनापती होता. ३९२ साली गॉलमधल्या व्हिएन शहरात तरुण बादशहा दुसरा व्हॅलेंटिनियन मृत सापडला, तेव्हा संशय या सेनापतीवर आला. त्याने मग यूजेनियस नावाच्या लॅटिनच्या शिक्षकाला गादीवर बसवलं. सप्टेंबर ३९४ मध्ये फ्रिगिडस नदीच्या लढाईत बादशहा थिओडोसियसने त्यांचा पराभव केला आणि आर्बोगास्टने स्वतःचा जीव घेतला. तो अखेरपर्यंत जुन्या देवांचा होता.

जवळजवळ ऐंशी वर्षांनी तेच नाव धारण करणारा हा वंशज ट्रियरमध्ये बसून उत्तम लॅटिन लिहितो, बायबलमधल्या अवघड जागा समजावून द्या म्हणून बिशपांना पत्रं पाठवतो. ‘काउंट’ हा रोमन हुद्दा मिरवतो. वडिलांचं नाव आरिगियस. सिडोनियस यांनी त्याला लिहिलं, की तुम्ही बर्बरांमध्ये वावरता, पण तुमच्या भाषेत बर्बर चूक येत नाही. पाणी मोझेलचं पिता आणि तोंडून रोमची टायबर नदी वाहते. त्याच पत्रात पुढे आहे, की बेल्गिका आणि ऱ्हाइनकाठच्या मुलुखातून केव्हाच पुसलं गेलेलं रोमन वाणीचं वैभव जर कुठे उरलं असेल तर ते तुमच्यापाशी. सीमेवर रोमन कायदे कोसळले, पण तुम्ही आहात तोवर शब्द लडखडणार नाहीत.

त्यात पत्रलेखनातली स्तुती किती आणि खरं किती, हे तपासावंच लागतं. सिडोनियस गोड लिहिणारे होते. पण ते लिहिताना त्यांचं स्वतःचं शहर बहुधा नुकतंच हातचं गेलं होतं. ४७५ मध्ये क्लेरमाँ तहात व्हिसिगॉथांना देऊन टाकण्यात आलं आणि सिडोनियस यांना हद्दपारी भोगावी लागली. अशा माणसाने ‘कायदे कोसळले’ म्हणावं, त्यात मला नुसता अलंकार दिसत नाही.

मग ऑस्पिकियस यांचा यात संबंध कसा आला?

बायबलचा अर्थ विचारणाऱ्या आर्बोगास्टला सिडोनियस यांनी नम्रपणे नकार दिला. माझ्यापेक्षा जाणकार तुमच्या जवळच आहेत, त्यांना विचारा, असं सांगून दोन नावं दिली. एक त्र्वाचे बिशप लुपस. हे त्या काळी गॉलमधले सर्वांत वडीलधारे बिशप, पन्नास वर्षं पदावर असलेले, अटिलाच्या स्वारीतून गेलेले. दुसरं नाव तूलचे ऑस्पिकियस.

लुपस यांच्या बरोबरीने नाव घेतलं जाणं ही लहान गोष्ट नाही.

सिडोनियस यांचं ऑस्पिकियस यांना गेलेलं पत्र छोटं आहे. राज्यांच्या भांडणाचं वादळ चालू आहे, नाहीतर केवळ पत्रावर न भागवता भेटायला आलो असतो, असा त्याचा सूर. मग पत्र घेऊन येणाऱ्या पीटर नावाच्या गृहस्थाची शिफारस. एवढंच. पण वाटा बंद झालेल्या देशात दोन बिशप असे निरोप्यांच्या हाती एकमेकांची खुशाली विचारत होते, हे त्या चार ओळींतून दिसतं.

त्या पद्यपत्रात काय आहे?

एकूण १६४ ओळी, चार-चार ओळींची ४१ कडवी. सुरुवात पत्राच्या मायन्यानेच होते: थोर आणि बहुमान्य काउंट आर्बोगास्ट यांस, प्रेम करणारा मी ऑस्पिकियस, उदंड नमस्कार सांगतो.

मग आनंद. अलीकडेच तूलमध्ये आपली भेट झाली, त्याबद्दल देवाचे आभार. तुमच्या पुष्कळ कामांनी पूर्वी सुख दिलं होतं, पण या भेटीने मन भरून आलं. म्हणजे आर्बोगास्ट तूलला येऊन गेला होता आणि हे पत्र त्या भेटीनंतरचं आहे. मग वडील आरिगियस यांचा गौरव. मग ट्रियर शहराचं अभिनंदन, की जुन्यांच्या तोडीचा माणूस तुला कारभारी मिळाला आहे.

इथवर कोणतंही स्तुतिपत्र असंच चालतं. यानंतर पूर्वज येतो, आणि इथे ऑस्पिकियस यांची धिटाई दिसते. तो पहिला आर्बोगास्ट शूर होता, लढवय्या होता, नामांकित होता, पण श्रद्धेवाचून मेला आणि मरणाने सगळं गमावलं. आमचा हाही शूर, हाही लढवय्या, हाही नामांकित, आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे देवाच्या नावाचा उपासक. तीच तीन विशेषणं दोघांना लावून, चौथ्या गोष्टीवर तराजू झुकवला आहे. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्याच पणज्या-खापरपणज्याबद्दल ‘सगळं गमावलं’ असं लिहायला किती जवळीक लागते, विचार करा.

आणि मग पत्राचा खरा विषय. तुमच्यात सगळं चांगलं आहे, एक दोष मात्र दूर लोटा, त्याने शुद्ध मन मळतं. तो दोष म्हणजे लोभ. ‘द्रव्याचा लोभ सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ’ ही बायबलमधली प्रेषित पौलाची शिकवण पत्रामागे उभी आहे. पुढची कितीतरी कडवी बिशप हा विषय सोडत नाहीत. गरिबांना द्या, असं सांगतात.

शेवटाकडे दोन गोष्टी येतात. आर्बोगास्टच्या अंगी हे गुण आहेत तेव्हा पुढे धर्मगुरूचं पद त्याच्या वाट्याला येईल, असं सूचन. आणि ट्रियरचे बिशप इयाम्ब्लिकस यांना मान द्या, मनापासून प्रेम करा, असा आग्रह. इथे ऑस्पिकियस त्यांना ‘आमचे पापा’ म्हणतात. त्या काळी गॉलमध्ये ‘पापा’ हा शब्द कुठल्याही बिशपला आदराने लावत, फक्त रोमच्या पोपना नव्हे.

म्हणजे हा उपदेश की राजकारण?

मला ही फोड पटत नाही. त्या काळात ट्रियरच्या काउंटला आवर घालील असा वर कुणी उरला नव्हता. आर्लहून तपासनीस येणार नव्हता, इटलीहून हुकूम येणार नव्हता. कर गोळा करणारा, शिपाई बाळगणारा आणि न्याय देणारा एकच माणूस असेल, तर त्याच्या लोभाची झळ सगळ्या खोऱ्याला लागते. ‘लोभ सोडा’ हे वाक्य एरवी कुठल्याही प्रवचनात शोभतं, पण ४७०च्या दशकातल्या मोझेलच्या खोऱ्यात ते कारभाराविषयीचं सर्वांत नेमकं वाक्य होतं. बिशपांच्या हातात तलवार नव्हती. होती ती जवळीक, आणि ती त्यांनी या एका गोष्टीसाठी खर्ची घातली.

बिशपांचं काम तेव्हा फक्त धर्मापुरतं नव्हतं का?

मुळीच नव्हतं. कॉन्स्टंटाइनच्या काळापासून बिशपांपुढे दावे चालवण्याची मुभा होती. कैद्यांची सुटका पैसे भरून करणं, दुष्काळात धान्य देणं, तहाच्या वाटाघाटींना जाणं, हे सगळं त्यांच्याकडे आलं. ४७०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिसिगॉथांच्या धाडींनी शेतं जळाली, तेव्हा लियाँचे बिशप पेशन्स यांनी स्वतःच्या खर्चाने ऱ्होन आणि साओन नद्यांवरून धान्याची जहाजं पाठवली होती. रोमन कारभाराचे खांब जसे पडत गेले तसा छपराचा भार बिशपांच्या खांद्यावर येत गेला.

पत्र पद्यात का? आणि अभ्यासक या पद्याला एवढं महत्त्व का देतात?

हा माझा आवडता प्रश्न. मराठी वाचकाला तो युरोपातल्या सामान्य वाचकापेक्षा लवकर कळेल, कारण आपल्याला लघु-गुरू माहीत आहेत.

अभिजात लॅटिन छंद आपल्या अक्षरगणवृत्तांसारखे: कुठे लघु, कुठे गुरू हे ठरलेलं. पण पाचव्या शतकापर्यंत बोलीतल्या लॅटिनमधून ऱ्हस्व-दीर्घाचा भेद विरत चालला होता. लोकांच्या कानाला आता आघात ऐकू येत होता, म्हणजे शब्दात कुठल्या अक्षरावर जोर पडतो ते. जुना छंद वापरायचा तर शाळेत पाठ करावा लागे, आणि शाळा तर बंद पडत होत्या.

ऑस्पिकियस यांचं हे कडवं पाहा:

माग्नास केलेस्ति दोमिनो
रेपेन्दो कोर्दे ग्रातिआस
क्वोद ते तुल्लेन्सि प्रोक्सिमे
माग्नुम् इन् उर्बे विदिमुस

(स्वर्गातल्या प्रभूचे मनापासून मोठे आभार मानतो, की अलीकडेच तुम्हा थोरांना तूलच्या नगरात पाहिलं.)

अक्षरं मोजा. प्रत्येक ओळीत आठ. चार ओळी, बत्तीस अक्षरं, म्हणजे आपल्या अनुष्टुभाइतकीच. आता प्रत्येक ओळीचा शेवट म्हणून बघा: दोमिनो, ग्रातिआस, प्रोक्सिमे, विदिमुस. प्रत्येक शब्दात जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर. हे सगळ्या पत्रभर सांभाळलं आहे. पण जुन्या छंदाच्या नियमाने तपासलं तर पहिल्याच ओळीत चूक निघते. ‘दोमिनो’मधला ‘दो’ मराठीत गुरू दिसला तरी लॅटिनमध्ये तो लघु आहे, आणि त्या जागी गुरू हवा.

तर ही चूक आहे का? नाही. ऑस्पिकियस यांनी लघु-गुरूचा हिशेबच सोडून दिला आहे आणि अक्षरसंख्या व आघात यांच्यावर छंद उभा केला आहे. मूळ साचा अँब्रोझ यांच्या स्तोत्रांचा: आठ अक्षरांची ओळ, चार ओळींचं कडवं. अँब्रोझ यांनी त्यात लघु-गुरू काटेकोर पाळले होते. लोक ती स्तोत्रं चर्चमध्ये गात होते, आणि गाता गाता कानाने साचा ठेवला, हिशेब सोडला. वृत्तातून ओवीकडे येताना आपल्याकडे जी मोकळीक आली तिच्याशी हे जुळवून पाहा. सगळं तंतोतंत जुळणार नाही, पण कान पटकन ओळखतो.

आघातावर रचलेल्या लॅटिन पद्याचे ज्यांचा काळ सांगता येतो असे जे अगदी पहिले नमुने आहेत, त्यात हे पत्र मोडतं. मध्ययुगातली लॅटिन गाणी पुढे याच वाटेने गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रांडेस आणि व्हिल्हेल्म मायर या जर्मन अभ्यासकांनी या छंदाची बारकाईने मांडणी केली, तेव्हा तूलच्या या विसरलेल्या बिशपांकडे विद्वानांचं लक्ष वळलं.

पद्य का, याचं माझं उत्तर साधं आहे. पद्य पाठ होतं. लोभाविषयीचा सल्ला गद्यात आला तर वाचून पेटीत पडतो. स्तोत्राच्या चालीत आला तर घोड्यावर बसल्या बसल्याही आठवतो.

हे पत्र टिकलं कसं?

जेमतेम. ‘ऑस्ट्रेशियन पत्रं’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ४८ पत्रांच्या संग्रहात ते आहे, आणि त्या संग्रहाची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. ती नवव्या शतकातली, जर्मनीतल्या लोर्श मठातली. पुढे ती हायडेलबर्गच्या प्रसिद्ध ग्रंथालयात गेली. तीस वर्षांच्या युद्धात १६२२ साली हायडेलबर्ग पडलं आणि बव्हेरियाच्या माक्सिमिलियनने ते ग्रंथालयच पोपना भेट दिलं. त्यामुळे आज ती प्रत व्हॅटिकनमध्ये आहे. ती एक वही हरवली असती, तर आपल्यापाशी ऑस्पिकियस यांचा स्वतःचा एक शब्दही नसता.

संग्रह केव्हा जुळवला यावर मतभेद आहेत. जुनं मत सहाव्या शतकाच्या अखेरीचं. अलीकडे काही अभ्यासक म्हणतात की तो कॅरोलिंगियन काळात, म्हणजे आठव्या-नवव्या शतकात, लोर्शमध्येच तयार झाला.

याच संग्रहात क्लोव्हिसला लिहिलेलं पत्र आहे म्हणे?

आहे. रांसचे बिशप रेमिगियस यांची चार पत्रं संग्रहाच्या अगदी सुरुवातीला येतात. त्यातल्या एकात फ्रँकांचा तरुण राजा क्लोव्हिसने दुसऱ्या बेल्गिका प्रांताचा कारभार हाती घेतल्याची बातमी कळल्यावर केलेला उपदेश आहे: धर्मगुरूंचा सल्ला घेत जा, गरिबांकडून काही अपेक्षू नका, दरबार सगळ्यांना खुला ठेवा, वडिलांच्या संपत्तीतून बंदिवान सोडवा.

ही दोन पत्रं शेजारी ठेवून वाचा, असं मी प्रत्येकाला सांगतो. एक ख्रिस्ती काउंटला, एक अजून ख्रिस्ती न झालेल्या राजाला. एक लॅटिनमध्ये मुरलेल्या फ्रँकाला, एक शिल्डेरिकच्या मुलाला. काही वर्षांचंच अंतर. दोन्ही बिशप एकाच जागी बोट ठेवतात: सत्ता ज्याच्या हाती आहे त्याचा हात गरिबाच्या ताटाकडे जाऊ नये.

ते संत आहेत का? चमत्कार वगैरे?

हो, संत मानले जातात. स्मरणदिन ८ जुलै. गावाबाहेर पहिले बिशप मान्स्युएटस यांच्या नावाचा मठ होता, तिथे त्यांना पुरल्याची परंपरा आहे. चमत्कारांच्या मोठ्या कथा त्यांच्या नावावर रचल्या गेल्या नाहीत, आणि प्रसिद्धी न मिळण्याचं हेही एक कारण. मला त्यात तोटा वाटत नाही. कित्येक संतांच्या बाबतीत चारशे वर्षांनंतरची चरित्रं आहेत आणि माणूस सापडत नाही. इथे चरित्र नाही आणि माणूस समोर बोलतो आहे.

त्यांच्यानंतर तूलचं काय झालं?

त्यांच्यामागे उर्सस बिशप झाले. ट्रियर लवकरच फ्रँकांच्या हाती गेलं, ४८६ मध्ये स्याग्रियसचा सुआसाँला पराभव झाला. आलेमानी लोकांना हरवून परतताना क्लोव्हिस तूलवरून गेला आणि ख्रिस्ती धर्माची शिकवण द्यायला त्याने तिथल्या वेदास्त नावाच्या धर्मगुरूला सोबत घेतलं, असं वेदास्त यांच्या सातव्या शतकातल्या चरित्रात आहे. वेदास्त पुढे आरासचे बिशप झाले. अकराव्या शतकात तूलचे बिशप ब्रुनो हे नववे लिओ म्हणून पोप झाले. १५५२ साली मेत्झ, तूल आणि व्हर्दं फ्रान्सच्या राजाने घेतली.

आज तिथे काय पाहता येतं?

१२२१ साली बांधायला घेतलेलं सँ-एतिएन कॅथीड्रल आणि रोमन तटाचे काही अवशेष. ऑस्पिकियस यांच्या नावाची पाटी शोधत बसू नका. मोझेलच्या काठी उभे राहा आणि पाणी उत्तरेला जाताना पाहा. ते ट्रियरलाच जातं.

आर्बोगास्टने लोभ सोडला का?

त्याचं उत्तर संग्रहात नाही. पण शार्त्रच्या बिशपांच्या जुन्या यादीत आर्बोगास्ट असं एक नाव येतं, आणि तो ट्रियरचाच काउंट असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. तसं असेल, तर मुलूख हातचा गेल्यावर त्याने तेच पद धरलं जे ऑस्पिकियस यांनी पत्राच्या शेवटाकडे त्याच्यासाठी मागितलं होतं.